पुढे सायकल आहे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला सांगितलं होतं, "तुम्ही पस्तीस वर्षं बँकेत काढलीत, सोसायटीचे हिशेबही काही वर्षं पाहिलेत, तेव्हा पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर बोला." पण मंडळी, सिंकिंग फंड आणि थकबाकी या विषयांवर वार्षिक सभेत जे काही होतं, ते आजच्या मंगल प्रसंगी नको असं मला वाटलं. म्हणून मी विषय बदलून मागितला. बोलणार आहे हिशेबावरच, पण तो हिशेब रुपयांचा नाही, सेकंदांचा आहे. रस्त्यावर आपण एकमेकांना किती सेकंद देतो आणि त्या बदल्यात काय वाचतं, एवढंच सांगायचं आहे. विषय सायकलचा आहे, आणि तिच्या मागून येणाऱ्या आपल्या गाडीचा.

आपल्यापैकी जे पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आले, त्यांना आठवत असेल, ए विंगच्या मागे पत्र्याची शेड होती आणि तिच्याखाली सायकली लावायचो. आज तिथे चारचाक्या उभ्या असतात, आणि तरी पार्किंगचा वाद मिटलेला नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. आपल्या मुलांनी कष्ट केले, गाड्या घेतल्या, चांगलंच झालं. मी स्वतः कितीतरी वाहनकर्जाच्या फायलींवर सह्या केल्या आहेत.

माझ्या तरुणपणी पुणं हे सायकलींचं गाव म्हणून ओळखलं जायचं. सकाळी पेठांतून निघालेला सायकलींचा लोंढा कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या दिशेनं जायचा. सायकलला महापालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसेल, किंवा डबलसीट सापडलात, तर पोलीसमामा सरळ चाकातली हवा सोडून द्यायचे, मग पायी घरी. डायनॅमो घासून घासून टायर झिजायचा. त्या काळी रस्त्यावर बहुसंख्य आम्हीच होतो, त्यामुळे जपून चालण्याची वेळ मोटारवाल्यावर यायची. आज ते उलट झालं आहे. रस्ता तोच, त्यावरचं बहुमत बदललं. आणि सोसायटीच्या सभासदांना मी सांगायला नको, बहुमत हातात आलं की अल्पमताचं कसं होतं ते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमची नात एस. वाय. बी.कॉम.ला आहे. वय वीस. तुम्ही सगळे तिला ओळखता. पहाटे साडेपाचला हेल्मेट घालून, मागे लाल दिवा लुकलुकवत गेटमधून बाहेर पडते ती. वॉचमनकाका तिच्यासाठी अर्धं गेट आधीच उघडून ठेवतात. गेली दोन वर्षं ती लांब पल्ल्याच्या सायकलिंगची तयारी करते आहे. येत्या जानेवारीत तिला पहिली बी.आर.एम. करायची आहे.

हे बी.आर.एम. प्रकरण मलाही नवीन होतं. मूळ फ्रान्समधलं. ठरवून दिलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर पुरं करायचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस तास, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत आलात की आलात. वाटेत ठरावीक ठिकाणी कार्डावर नोंद करून घ्यायची, एखाद्या पासबुकासारखी. दोनशे भागिले साडेतेरा केलं तर ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण त्यातच चहा, जेवण, पंक्चर, घाट, ऊन आणि समोरचा वारा सगळं आलं.

तिच्या सरावाची पद्धत पाहून मला आमच्या बँकेतल्या इन्स्पेक्शनची आठवण होते, इतकी ती काटेकोर. मंगळवार-गुरुवार इंटरव्हल, म्हणजे चार मिनिटं जीव खाऊन, चार मिनिटं सावकाश, असं पाच-सहा वेळा. पायांचे फेरे मिनिटाला पंच्याऐंशी-नव्वद राहिले पाहिजेत. गियर जड टाकून दात-ओठ खात चालवलं की गुडघे कुरकुरतात. भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. केळी, राजगिऱ्याचा लाडू, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, हा तिचा शिधा. आणि रविवारी लांबचा पल्ला. बहुतेक वेळा सिंहगड. इथून वडगाव, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, खडकवासल्याचं धरण, डोणजे, गोळेवाडीचा नाका आणि पुढे आठ-नऊ किलोमीटरचा घाट. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात.

या रविवारच्या फेरीत मी तिच्या मागे माझी गाडी घेऊन असतो. डिकीत हवेचा पंप, जास्तीची ट्यूब, पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी. सूनबाईंनी परवानगी देताना घातलेली ही अट होती. चारही इंडिकेटर लावून, ताशी अठरा-वीसच्या वेगानं, गर्दी नसेल तिथे मी तिच्या मागे चालतो. गर्दी असेल तिथे पुढे जाऊन थांबतो. पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसासाठी याहून चांगला रविवार नाही. सूर्य धरणाच्या पाण्यावर येताना दिसतो. आणि दोन वर्षं सायकलच्या मागे बसून गाडी चालवल्यावर, पन्नास वर्षं गाडी चालवताना जे दिसत नव्हतं ते दिसायला लागतं.

पहिली गोष्ट अशी दिसली की सायकलवाला रस्त्याच्या अगदी कडेला चालत नाही, आणि त्याला कारण असतं. आपल्याला वाटतं, "जरा कडेनं जाता येत नाही का हिला?" कडेला काय असतं ते पाहा: खडी, वाळू, ड्रेनेजची खचलेली झाकणं, डांबराचा तुटका काठ, पावसाळ्यात डबकं, आणि आत खड्डा आहे की नाही ते कळायला मार्ग नाही. तिच्या सायकलचा टायर माझ्या अंगठ्याएवढा रुंद. त्याचा जमिनीला टेकणारा भाग एखाद्या नाण्याहून फारसा मोठा नसतो. तेवढ्याशा टेकूवर ती उभी असते. खडीवर तो टेकू निसटला की ती डावीकडे पडत नाही, बऱ्याचदा उजवीकडे पडते, म्हणजे आपल्या चाकांच्या दिशेनं. म्हणून ती कडेपासून हात-दोन हात आत चालते. तो हट्ट नाही, तिची ती मार्जिन मनी आहे.

दुसरी गोष्ट, सायकल सरळ रेषेत चालत नाही. घाटात चढ तीव्र झाला की स्वार पेडलवर उभा राहतो, आणि त्या क्षणी सायकल डावी-उजवीकडे झुलते, किंचित मागेही येते. आपण अगदी चिकटून मागे असलो तर तेवढं मागे येणंही पुरेसं असतं. बाजूनं मोठा ट्रक किंवा बस वेगात गेली की आधी हवेचा धक्का बाहेर लोटतो आणि मग गाडी पुढे गेल्यावर आत ओढतो. चारचाकीत बसून हे कळत नाही. आपल्या काचा बंद असतात आणि गाणी लागलेली असतात. याच कारणानं ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत २०२२ साली स्पष्ट लिहिलं गेलं की सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवा, वेग जास्त असेल तर आणखी ठेवा. जर्मनीनं २०२० मध्ये शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असा कायदाच केला. आपल्याकडे टेप घेऊन कोण मोजणार? पण दीड मीटर म्हणजे आपल्या गाडीचं एक दार पूर्ण उघडलं तर लागेल त्याहून थोडी जास्त जागा. एवढं डोळ्यांपुढे ठेवलं तरी पुरे.

तिसरी गोष्ट, सायकल वाटते तितकी हळू नसते. या तिसऱ्या गोष्टीची किंमत आमच्या घरानं मोजली आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरचा रविवार. परतीची वाट, नांदेड फाट्याच्या अलीकडे. उतार हलकासा, रस्ता मोकळा, ती ताशी बत्तीसच्या वेगात होती. मी साधारण चाळीस मीटर मागे. एक मोटार मला ओलांडून गेली, तिलाही ओलांडून गेली, आणि लगेच डाव्या हाताच्या हॉटेलच्या आवारात शिरण्यासाठी तिच्या समोरूनच वळली. ब्रेक लागले, मागचं चाक घसरलं, आणि नात डाव्या खांद्यावर पडली. गळ्याजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात.

त्या गृहस्थांना मी इथे वाईट म्हणणार नाही. ते पळून गेले नाहीत. गाडी थांबवली, उतरून आले, त्यांचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होते, "काका, मला वाटलं सायकल आहे, मागे राहील." मंडळी, यात अख्खा विषय आला. त्यांनी तिला पाहिलं होतं. सायकल आहे हेही त्यांना कळलं होतं. पण सायकल म्हणजे ताशी दहा-बारा, हे त्यांच्या डोक्यातलं जुनं खातं होतं, त्यात ताजी नोंद झालेली नव्हती. ताशी बत्तीस म्हणजे सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर. आपण "एक, दोन" म्हणेपर्यंत ती अठरा मीटर पुढे आलेली असते. डावीकडे वळायचं आहे आणि पुढे सायकल आहे, तर तिला ओलांडूच नये. तिच्या मागे राहावं, तिला पुढे जाऊ द्यावं आणि मग वळावं. लागतात चार-पाच सेकंद.

त्या वेळी मदतीला कोण आलं तेही सांगितलं पाहिजे. कणसं भाजणाऱ्या बाईंनी पाणी आणलं, स्वतःची ओढणी घडी करून तिच्या डोक्याखाली ठेवली. एक मोटारसायकलवाला तरुण काही न विचारता रस्त्यात उभा राहून वाहनं बाजूनं काढत राहिला. बाकी बरेच जण लांब उभे होते. एकानं मला नंतर हळूच सांगितलं, "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार, साहेब." ही भीती जुनी आहे, पण आता तिला कायद्यात आधार उरलेला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं आहे. सद्भावनेनं जखमीला मदत करणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे. त्याला आपलं नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. आणि ज्याच्या गाडीनं अपघात झाला त्यानं जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं हे तर त्याच कायद्यातल्या कलम १३४ नुसार बंधनकारकच आहे. मुलांनो, हे दोन आकडे लक्षात ठेवा. परीक्षेत येणार नाहीत, पण उपयोगी पडतील.

घरी आल्यावर व्हायचं तेच झालं. सूनबाई म्हणाल्या, "आता बास. सायकल विकून टाका." मुलगा काही बोलला नाही, तो पॉलिसीचे कागद शोधत बसला. आमच्या सौ.नी देवापुढे साखर ठेवली आणि त्याही म्हणाल्या, "पोरीच्या जातीला कशाला हे." नात दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना म्हणाली, "आजोबा, माझं काय चुकलं ते सांगा, म्हणजे ते मी सुधारते. दिवा होता, हेल्मेट होतं, डाव्या बाजूला होते, वेग रस्त्याला धरून होता. काहीच चुकलं नसेल, तर रस्ता मी का सोडायचा?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. सूनबाईंची भीती खोटी नव्हती आणि मुलीचा प्रश्नही खोटा नव्हता. शेवटी फेब्रुवारीत ती पुन्हा सायकलवर बसली. पहिल्या दिवशी सूनबाई स्वतः गेटपर्यंत सोडायला आल्या आणि सायकल वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरच वर गेल्या. त्या आजही इथे बसल्या आहेत, त्यांची परवानगी घेऊनच मी हे बोलतो आहे.

आता हिशेब मांडतो. बँकेतल्यासारखा, दोन बाजूंचा.

नावे बाजू, म्हणजे गाडीवाल्याचा खर्च. समजा, दोनशे मीटरचा अरुंद तुकडा आहे, समोरून वाहनं येत आहेत, सुरक्षित अंतर ठेवून ओलांडता येत नाही. सायकल ताशी वीसच्या वेगात आहे. तिच्या मागे राहिलात तर तो तुकडा पार करायला छत्तीस सेकंद लागतील. ताशी चाळीसनं गेला असतात तर अठरा लागले असते. नुकसान अठरा सेकंद. घाटात सायकल ताशी दहानं चढत असेल आणि तुम्ही तीसनं गेला असतात, तर शंभर मीटरच्या एका वळणापायी तुमचे चोवीस सेकंद गेले. एका रविवारच्या सहलीत अशा पाच सायकली भेटल्या तरी दोन मिनिटांहून जास्त होत नाहीत. वर गडावर पिठलं-भाकरीसाठी आपण किती वेळ थांबतो?

आणि ही सेकंदं तरी खरोखर वाचतात का? मी मागून कितीदा पाहिलं आहे: एखादी गाडी कर्कश हॉर्न मारत, नातीच्या हँडलला चाटून पुढे जाते, आणि पुढच्या सिग्नलला आम्ही पोचतो तेव्हा तीच गाडी आमच्या पुढे दोन नंबरवर उभी. वाचवलेलं व्याज सिग्नलवर जमा करून मोकळी.

जमा बाजूला काय आहे? ताशी साठनं जाणारी गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला आणि पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर मिळवलं, तर सुमारे पस्तीस ते चाळीस मीटर होतात. ताशी चाळीसला हेच अंतर वीसच्या आसपास येतं. शिवाय दणका वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दीडपट झाला की दणका सव्वादोन पट. चक्रवाढ व्याज ज्यांना कळतं त्यांना हे वेगळं समजवायला नको. गाडीत आपल्याभोवती पत्रा आहे, पट्टा आहे, एअरबॅग आहे. सायकलवर बसलेल्याच्या अंगावर सुती किंवा नायलॉनचा एक शर्ट असतो. तेव्हा एका बाजूला अठरा सेकंद आणि दुसऱ्या बाजूला एक माणूस. असा ताळेबंद कुठल्याही ऑडिटरला दाखवा, तो काय सांगेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता सायकलवाल्यांनीही खुशीत येऊ नये. त्यांच्याही खात्यावर थकबाकी आहे, आणि ही गोष्ट मी घरी नातीला आणि तिच्या ग्रुपला तोंडावर सांगतो. रविवारी पाच-पाच जण शेजारी शेजारी गप्पा मारत सगळा रस्ता अडवून चालणं, हा सराव नव्हे, तो पाराच्या कट्ट्यावर करायचा उद्योग आहे. सिग्नल सगळ्यांसाठी लाल असतो. उलट्या दिशेनं यायचं नाही. कानात इयरफोन घालायचे नाहीत. सायकलवाल्याला आरसा नसतो, त्याचे कान हाच त्याचा आरसा. वळताना हात दाखवायचा. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगावर चकाकणारं जाकीट. बी.आर.एम.मध्ये तर दिवे आणि हेल्मेट नसेल तर सुरुवातच करू देत नाहीत. आणि मागची गाडी थांबून राहिली असेल, तर जागा मिळताच बाजूला सरून हातानं "या पुढे" अशी खूण करावी. हात वर करून आभार मानावेत. मी पाहिलं आहे, ज्या गाडीवाल्याला असं एकदा कोणी हात करतं, तो पुढच्या सायकलला आपोआप जास्त जागा सोडतो.

काही जण म्हणतील, आजोबा, हे रस्ते सायकलिंगचे राहिलेच नाहीत, मुलीला जिममध्ये घाला, तिथे जागेवरची सायकल असते. मंडळी, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच शर्यत एकट्यानं पुरी करून आले. ही आपल्यातलीच डॉक्टर मंडळी. चढ, वारा, ऊन हे रस्त्यावरच भेटतं, जागेवरच्या सायकलवर भेटत नाही. आपल्या पोरांनी रस्ता सोडला तर असं नाव पुढे आपल्या सोसायटीतून कसं निघणार?

पण छंदाच्या सायकलवर थांबलो तर विषय अर्धाच राहील. नातीकडे हेल्मेट आहे, दिवे आहेत, मागे आजोबांची गाडी आहे. आपल्याकडे सायकलवर आणखी कोण येतं ते आठवा. पहाटे पेपर टाकणारा मुलगा. बी विंगमध्ये पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. आणि आपले रात्रपाळीचे वॉचमनकाका, जे बारा तासांची ड्यूटी संपवून, डोळ्यांत झोप घेऊन, धायरीच्या पुढे सायकलनं घरी जातात. थंडीत सकाळी तेव्हा पुरतं उजाडलेलंही नसतं. त्यांच्या सायकलला मागे साधा लाल काचेचा तुकडाही नाही, मी पाहिलं आहे. आपण त्यांच्या हातात आपल्या घरांची सुरक्षितता देतो. त्यांच्या सुरक्षिततेची नोंद आपल्या कुठल्या वहीत आहे?

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त कमिटीपुढे मी चार सूचना ठेवतो. ठराव म्हणा, विनंती म्हणा.

एक. गेटमधून बाहेर पडताना डावीकडच्या भिंतीमुळे रस्ता दिसत नाही. तिथे बाहेर फुगीर असलेला मोठा गोल आरसा बसवावा. आणि बाहेर पडताना प्रत्येक गाडीनं पूर्ण थांबून मगच रस्त्यावर यावं. नुसती हळू करून नव्हे, थांबून.

दोन. आपल्याकडे कामाला सायकलवर येणाऱ्या प्रत्येकाच्या सायकलला मागे लाल दिवा आणि पुढे पांढरा दिवा सोसायटीनं लावून द्यावा. ही काही मोठी रक्कम नाही. एका दिवाळी फराळाच्या कार्यक्रमाचा खर्च याहून जास्त येतो. कमिटीला मंजुरीला वेळ लागणार असेल तर पहिला हप्ता माझ्याकडून, आजच. कोषाध्यक्षांनी पावती मात्र द्यावी.

तीन. रस्त्याच्या कडेला गाडी लावून उतरताना उजव्या बाजूचं दार डाव्या हातानं उघडायची सवय लावून घ्यावी. आत्ता बसल्या बसल्या करून पाहा. डावा हात उजवीकडे नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते, आणि मागून येणारी सायकल दिसते. फुकटातली विद्या आहे. मुलांनी आपल्या आईबाबांवर लक्ष ठेवायचं. जो चुकेल त्यानं कुल्फी द्यायची.

चार. ए विंगच्या मागची एक चारचाकीची जागा पुन्हा सायकलींना द्यावी. त्या एका जागेत दहा-बारा सायकली सहज मावतात. या सूचनेवर भांडण होणार, मला माहीत आहे. ते आपण वार्षिक सभेत निवांत करू.

जाता जाता एकच. जानेवारीत नातीची दोनशे किलोमीटरची फेरी साताऱ्याच्या रस्त्यानं आहे. बी.आर.एम.चा एक नियम असा की स्वारानं आपला आपण जायचं. वाटेत मागून घरची गाडी चालवायला परवानगी नाही. नोंदीच्या ठिकाणी थांबून वाट पाहता येते, तेवढंच. म्हणजे दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या मागे माझी गाडी नसेल. पहाटेचा अंधार, महामार्गावरचे ट्रक, खंबाटकीचा घाट, दुपारचं ऊन, सगळीकडे तिच्या मागे दुसऱ्याच कोणाची तरी गाडी असेल. साताऱ्याला लग्नाला निघालेल्या कुणाची. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या कुणाची. कदाचित तुमच्यापैकीच कोणाची.

त्या गाडीत बसलेल्या माणसाला मी ओळखत नाही, त्याचा नंबरही माझ्याकडे नाही. मी फक्त इथे, माझ्या ओळखीच्या माणसांना सांगू शकतो. जसं मी तुम्हाला सांगतो आहे, तसं कोणीतरी त्यालाही सांगितलं असेल, एवढ्या विश्वासावर आम्ही तिला पाठवतो आहोत. तुम्हीही ज्या सायकलच्या मागे असाल, तिच्यावर बसलेलं माणूस कोणीतरी असंच विश्वासानं पाठवलेलं असतं. तेव्हा पुढे सायकल दिसली की पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा उचला. अठरा सेकंद द्या. जागा मिळाली की दीड मीटर सोडून, हॉर्न न वाजवता, पुढे जा.

पुढची पंचवीस वर्षं या सोसायटीची मुलं चालत, सायकलवर, गाडीत, जशी जातील तशी संध्याकाळी धडधाकट घरी परतोत, हीच या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रार्थना करतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.